राख म्हणजे सिमेंट नव्हे

गळिताचा हंगाम सुरू झाला, की रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यापासून साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यापर्यंत बॉयलरांत बगॅस जळू लागते. एक टन उसामागे सुमारे २८० किलो बगॅस निघते व ती जळून काही किलोच राख उरते. तथापि दहा लाख टन गाळपामागे हा ढीग हजारो टनांचा होतो. ही राख सिमेंटऐवजी चालते, असे कानी आल्यावर घराच्या स्लॅबच्या मालात दोन पाट्या राख टाकण्याचा मोह कोणासही होईल. तो शेतकरी बंधूंनी आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राखेत गुण नाही, असे मुळीच नव्हे. आपले पूर्वज चुन्यात विटांची सुरखी मिसळून वाडे बांधीत, तत्त्व तेच. सिमेंट घट्ट होताना त्यातून थोडा चुना मोकळा होतो. राखेतील सिलिका त्याच्याशी सावकाश संयोग पावते व काँक्रीटची छिद्रे बुजतात. या कामी पाटण-शिराळ्याकडील भाताच्या तुसाची राख सर्वांत सरस. तीत बहुतांश सिलिकाच असते. परंतु तूस सुमारे ७०० अंशांच्या आत जळाले पाहिजे. आच त्याहून फार वाढली, की सिलिकेचे स्फटिक बनतात व ती वाळूसारखी निष्क्रिय होते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) तुसाच्या राखेस मुभा देते, ती गुण सिद्ध झाल्यावर व अधिकाऱ्याच्या संमतीने.

बॉयलरच्या वा गुऱ्हाळाच्या चुलवाणातील राख जाडीभरडी असते, शिवाय तीत अर्धवट जळालेला कोळसा असतो. कोळसा पाणी शोषितो, गवंडी पाणी वाढवितो, आणि तेथेच स्लॅबचे बळ जाते.

सबब राख चाळणे, दळणे व तपासणे हे एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे. ते त्याच्या सहकारी कारखान्याचे होय. ऊस सभासदांचा, तेव्हा राखही त्यांचीच. सांगलीचे वालचंद (स्थापना १९४७) व कराडचे शासकीय (१९६०) ही अभियांत्रिकी महाविद्यालये जवळच आहेत. आपल्या राखेचे ठोकळे २८ दिवसांनी किती भार सोसतात, हे सभासदांनी वार्षिक सभेत अवश्य विचारावे.

राखेला भाव येईल या आशेने शेतातील पाचट मात्र कोणी पेटवू नये. त्याची जागा सरीतच आहे.

तपासलेली, दळलेली राख मिळाली, तर प्रथम गोठ्याची जमीन किंवा सांडपाण्याची गटारे यांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा दहावा हिस्सा कमी करून ती घालावी. असे काँक्रीट सावकाश पक्के होते. म्हणून त्यावर निदान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस, पाणी मारीत राहावे.