परतीचं ओझं आणि एकट्याची सॅक

ऑगस्ट लागला की कोलोराडोत आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींमध्ये सॅकवरून वाद पेटतो. सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने एल्क या मोठ्या हरणाची शिकार सुरू होते. टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, मिळालेले गडी आठवडाभर एकट्याने रॉकी पर्वताच्या आतल्या रानात जायची तयारी करत असतात. यातले बरेचसे सह्याद्रीत तयार झालेले. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून रतनगड, असे ट्रेक पायाखाली घातलेले. त्या डोंगरांनी दिलेला एक धडा त्यांच्या अंगात मुरलेला असतो: सॅक लहान घ्यावी, हलकी घ्यावी, रिकामी जागा ठेवूच नये.

सह्याद्रीसाठी हा धडा शंभर टक्के खरा आहे. तिथे ओझं रोज कमी होत जातं. शिधा संपतो आणि उतरताना सॅक निम्मी झालेली असते. पण एकट्या शिकाऱ्याचं गणित नेमकं उलटं असतं. शिकार साधली की त्याचं ओझं पाच-सहा पटींनी वाढतं, आणि ते वाढतं तेव्हा तो रस्त्यापासून सगळ्यात लांब असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की त्याने सॅक निवडावी ती परतीच्या ओझ्यावरून, जातानाच्या नव्हे. आणि परतीचं ओझं मोठी सॅकच मागतं.

शिकार हा शब्द वाचूनच काहींच्या कपाळावर आठी येईल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ती योग्यच केली. अमेरिकेतली व्यवस्था वेगळी आहे. किती जनावरं मारायची ते राज्याचा वन्यजीव विभाग ठरवतो आणि त्यानुसार टॅग देतो. परवान्याच्या शुल्कावर आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने यासाठी राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करावर वन्यजीवांचं बरंचसं काम चालतं. त्याच्या मोबदल्यात शिकाऱ्यावर एक जबाबदारी येते: मारलेलं वाया घालवायचं नाही. कोलोराडोत चारही पाय, पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या आणि आतली कवळी मऊ पट्टी एवढं तरी माणसाच्या खाण्यालायक अवस्थेत बाहेर आणावंच लागतं. शिंगं घेऊन मांस टाकून देणं हा गुन्हा आहे. त्यामुळे सॅकचा प्रश्न सोयीपुरता उरत नाही.

आता आकडे मांडतो. पूर्ण वाढलेला एल्क नर ३०० किलोंच्या पुढे जातो. हाडं काढून त्याचं मांस साधारण ९० किलो भरतं. त्यात उरलेला तंबू, पांघरूण, चूल वगैरे १३ किलो धरा आणि शिंगांसह कवटी १२ किलो. झाले ११५ किलो. चांगल्या फ्रेमच्या सॅकमध्ये एका खेपेला ३२ किलो नेले तर चार खेपा होतात. शेवटच्या खेपेनंतर मागे फिरायचं नसतं, म्हणून चार खेपांना सात वेळा ती वाट चालावी लागते. वाट आठ किलोमीटरची असेल तर ५६ किलोमीटर. हलक्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये १६ किलोंच्या वर भरलं की ती खचते. तिच्यातून तेच ओझं आणायला आठ खेपा, म्हणजे पंधरा वेळा वाट, म्हणजे १२० किलोमीटर. तेही तीन हजार मीटर उंचीवर, आडव्या पडलेल्या झाडांवरून उड्या मारत. सप्टेंबरच्या दुपारी तिथेही ऊन चांगलं तापतं. मागच्या मांडीत हाडालगत उष्णता कोंडून राहते आणि मांस तिथूनच आंबायला लागतं. कातडं लगेच उतरवून, मांस जाळीदार पिशव्यांत घालून सावलीला टांगलं तरी थोडाच वेळ हाताशी मिळतो. त्या वेळात चार खेपा बसवता येतात, आठ नाही.

‘मग गाडा न्या की!’ असं कुणी ना कुणी सुचवतंच. जिथे सगळ्यात शांत शिकार मिळते ती रानं, म्हणजे इथलं वेमिनूच, मोंटानातलं बॉब मार्शल, आयडाहोतलं फ्रँक चर्च, १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली येतात. तिथे इंजिन चालत नाही, सायकल चालत नाही आणि शिकार ओढायचा दोन चाकी हातगाडाही चालत नाही. घोडा किंवा खेचर चालतं. पण ते ज्याच्याकडे आहे किंवा ज्याला भाड्याने परवडतं तो या लेखाचा वाचक नव्हे. एकट्या माणसाकडे वाहन एकच, त्याची पाठ.

मोठ्या सॅकवर पहिला आक्षेप नेहमीचाच: जागा दिसली की माणूस भरतो. खरं आहे, भरतो. पण हा दोष यादीचा आहे, सॅकचा नाही. घरून निघताना प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवा, यादी १८-२० किलोंवर थांबवा, मग सॅक ८० लिटरची असो की ११५ ची, वजन तेवढंच राहतं. शिकारीच्या चांगल्या सॅकला दोन्ही बाजूंनी आवळायचे पट्टे असतात. अर्धी रिकामी पिशवी त्यांनी पाठीशी चपटी बसते. उलट लहान सॅक घेतलेला माणूस उरलेलं सामान बाहेर लटकवतो. मग झोपायची गादी फांद्यांना घासते, भांडं वाजतं आणि पन्नास मीटरवरच्या एल्कला तो आधीच कळलेला असतो.

दुसरा आक्षेप सॅकच्या स्वतःच्या वजनाचा. अल्ट्रालाइट सॅक किलोभर भरते, फ्रेमवाली शिकारी सॅक अडीच ते तीन किलो. दोन किलोंचा फरक मला मान्य आहे, आणि चढावर तो जाणवतोही. पण ते दोन किलो येतात कुठून ते बघायला हवं. ते फ्रेममधून आणि कमरपट्ट्यातून येतात. त्याच फ्रेमवर ५० लिटरऐवजी ११० लिटरची पिशवी चढवली तर वाढतं ते जेमतेम पाव-अर्धा किलो कापड. म्हणजे वजनाची खरी किंमत फ्रेमची आहे, आणि फ्रेम तर लहान-मोठ्या दोन्ही सॅकना लागणारच आहे. लिटर कमी करून ग्रॅम वाचवणारा माणूस चुकीच्या ठिकाणी काटकसर करतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. तो असा: मोठ्या सॅकमधून सामान एका जागी न्यावं, तळ ठोकावा आणि रोज लहान सॅक घेऊन फिरावं. तळाजवळच जनावरांचा वावर असेल आणि रस्ता दोन-तीन किलोमीटरवर असेल तर मीही असंच सांगेन. दोघे-तिघे असतील तरीही. पण एकटा माणूस आत खोल जातो तो एल्कच्या मागे जायला. संध्याकाळी पलीकडच्या धारेवरून नराची लांब शीळ आली आणि तळ मागे पाच किलोमीटरवर असला तर त्याला अंधारात परतून पहाटे पुन्हा तिथे यावं लागतं. तोवर कळप हललेला असतो. बिऱ्हाड पाठीवर असलेला तिथेच धारेखाली आडवा होतो. आणि शिकार झालीच तर पहिली खेप त्याच जागेवरून निघते. लहान सॅकवाल्याला मांसाजवळून आधी रिकाम्या पाठीने तळावर जावं लागतं, आणि ती फेरी वरच्या हिशेबात धरलेलीच नाही.

वाद घालणारे बहुधा लिटरवर भांडतात. माझ्या मते लिटर हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न फ्रेमचा, आणि तो नवा नाही. १९२० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या लॉइड नेल्सनने ट्रॅपर नेल्सन नावाचा लाकडी पाठफळा बाजारात आणला. अलास्कात तिथल्या मूळ रहिवाशांचं काठ्या-कातड्याचं ओझ्याचं साधन पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. १९५२ मध्ये डिक केल्टीने ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कमरपट्टा यांची जोडी विकायला काढली, आणि भार खांद्यावरून कमरेवर उतरला. १९६७ मध्ये ग्रेग लोवने फ्रेम पिशवीच्या आत घेतली, त्यामुळे ओझं अंगाला चिकटलं आणि गिर्यारोहकाचा तोल सुधारला. आजच्या शिकारी सॅकमध्ये हे दोन्ही गुण एकत्र आले आहेत. पिशवी फ्रेमपासून सुटी होते, मधल्या फटीत मांस बसतं आणि पिशवी वरून आवळली जाते.

ही फट नीट वापरणं महत्त्वाचं. सॅक जमिनीवर आडवी ठेवून पिशवी बाजूला करायची, मांसाची पिशवी फ्रेमवर खांद्याच्या पात्यांच्या उंचीला ठेवायची, खाली कमरेपाशी नाही, आणि पट्टे असे ओढायचे की हलवून बघितलं तरी ती हलता कामा नये. मग उतारावर सॅकला पाठ लावून बसायचं, आधी कमरपट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट करायचा, मग खांद्याचे पट्टे, आणि सगळ्यात शेवटी खांद्यावरून फ्रेमच्या टोकाकडे जाणारे दोन छोटे पट्टे. ते वर तिरके जायला हवेत. आडवे किंवा खाली जात असतील तर फ्रेम तुमच्यासाठी बुटकी आहे. मग एका कुशीवर वळून गुडघ्यावर यायचं आणि काठ्यांच्या आधाराने उभं राहायचं. फ्रेम कच्ची असली तर दहा मिनिटांत कळतं. ती पिंपासारखी फुगून पाठीत टोचते, कमरपट्टा घसरतो, भार खांद्यांवर येतो आणि बोटांना मुंग्या येतात.

फ्रेमची उंची स्वतःच्या उंचीवरून ठरवू नये. मान वाकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर मोजावं. सहा फुटी माणसाचं धड आखूड असू शकतं आणि बुटक्या बाईचं लांब. उंच फ्रेम दाट स्प्रूसमध्ये फांद्यांत अडकते ही तक्रार खरी आहे. जाताना ती सोसावी.

लिटरचं माझं उत्तर सरळ आहे. सप्टेंबरच्या सात दिवसांना ८० पुरतात. नोव्हेंबरच्या बर्फात जाड स्लीपिंग बॅग आणि पिसांचं जाकीट आलं की १०० च्या पुढे जावं लागतं. दोन्ही हंगाम करायचे असतील तर मोठीच घ्यावी आणि सप्टेंबरमध्ये आवळून वापरावी. कापड हाताने चुरगाळून बघावं. काही आधुनिक पन्नी चढवलेली कापडं जलरोधक असतात, पण कुरकुरतात. पिशवी फ्रेमवरून पूर्ण सुटणारी असावी, कारण रक्त धुवावंच लागतं, आणि तेही गार पाण्याने. गरम पाण्याने डाग धरतो. अस्वलांच्या मुलखात रक्ताळलेली सॅक तंबूत उशाशी घेऊन झोपणं मला मुळीच मान्य नाही, मग ती कितीही महागाची असो.

माझ्याच बाजूच्या एका पंथाशीही माझं पटत नाही. मोठी सॅक घेतली की एका खेपेत साठ किलो ओढायचे आणि तसा फोटो काढायचा, याला ते मर्दुमकी समजतात. फ्रेम साठ किलो सोसते हे खरं. गुडघा सोसत नाही. घोटा मुरगळला तर दोघांतला दुसरा मदत आणायला जातो, एकट्याचा कुणी जात नाही. उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र जवळ असलं तरी बचावाची माणसं यायला रात्र जाऊ शकते. मोठ्या सॅकची ताकद वापरायची ती ३०-३५ किलो न डुलता, तासन्‌तास, अंगाला चिकटून नेण्यासाठी. सत्तर किलोंच्या माणसासाठी तेही त्याच्या वजनाचं निम्मं झालं.

म्हणूनच आत किती जायचं हेही सॅकच ठरवते. चार खेपा आणि मांस टिकेल असे दोन दिवस हातात धरले, तर माझ्या हिशेबात आठ किलोमीटर ही एकट्याची हद्द. त्यापलीकडे कितीही मोठा नर दिसला तरी बाण सोडू नये.

विकत घेतलेली सॅक पक्की करण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. पाणी मृदू करायच्या मिठाच्या ४० पौंडी गोण्या इथे कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. त्यातली एक पूर्ण आणि दुसरीचं तीन चतुर्थांश मीठ फटीत बांधून तासभर घराजवळच्या टेकडीवर चढ-उतार करावा. दुकानातल्या आरशासमोर रिकामी सॅक घालून काहीच कळत नाही. सहाशे-सातशे डॉलर जाणार असतात, तेव्हा परत घेण्याची मुदत आधी विचारून ठेवावी आणि ही चाचणी ऑगस्टमध्येच उरकावी. तासाभरात कमरपट्टा दोनदा घसरला तर मीठ काढून सॅक त्याच दिवशी दुकानात परत द्यावी, मग ती कुणीही सुचवलेली असो.