अरण्यांतील सायकलफेरी : कोणाच्या चालीनें?

दिवाळीची सुटी जवळ आली कीं वरच्या वर्गांतील मुलांमुलींत सहलीचे बेत सुरू होतात. अलीकडे ह्या बेतांत एका नव्या हौसेची भर पडली आहे. जाड टायरांच्या, गिअर असलेल्या डोंगरी सायकली आतां आपल्या शहरांतहि दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांवर बसून कन्नडच्या बाजूच्या जंगलांत एक फेरी करावी, असें अनेकांच्या मनांत येतें. पालक बहुधा एका शब्दांत नकार देतात. मुलें एक तर हिरमुसतात, नाहीं तर न सांगतां निघण्याच्या गोष्टी करतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. आखणीचा कागद पुढें नसतांनाच होकार-नकाराचा वाद चालतो. तो कागद कसा असावा, आणि कोणाकडे पाहून लिहावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम स्थळाचा विचार करूं. छत्रपति संभाजीनगराहून कन्नड सुमारें ६० किलोमीटर आहे. तेथून चाळीसगांवच्या बाजूस, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेंत, गौताळा औट्रमघाट अभयारण्य पसरलें आहे. सुमारें २६० चौरस किलोमीटरांचें हें वन १९८६ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. साग, पळस, धावडा, खैर अशीं पानझडी झाडें येथें आहेत. बिबट्याचा येथें वास आहे. २०२१ सालीं तर यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक वाघ येथवर पोंचल्याचें वनखात्याच्या कॅमेऱ्यांनीं टिपलें. तेव्हां ही कांहीं नगरपालिकेची बाग नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्यांत शिरावयास परवानगी लागते. म्हणून कागदावरील पहिली ओळ ‘परवानगी’ हीच असली पाहिजे. वनखातें ज्या वाटेनें जाऊं देईल तीच आपली वाट. आणि त्यानें नाहीं म्हटलें तर दुसरें स्थळ शोधावें. पायवाटा धुंडीत आडरानांत शिरणें ही धिटाई नव्हे. तो दुसऱ्याच्या घरांत केलेला आगाऊपणा होय. तसेंच शहरापासून कन्नडपर्यंतचा हमरस्ता सायकलीवर तोडूं नये. मालमोटारींच्या गर्दींत पायांचें बळ खर्चून मग वनाच्या तोंडाशीं थकून उभें राहण्यांत काय शहाणपण? सायकली टेंपोंत घालून न्याव्या.

दुसरी ओळ उताराची. डोंगरी सायकलीचा जन्म १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं, मरीन परगण्याच्या टेकड्यांवर झाला. कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन तेथून खालीं सोडीत. १९७६ पासून ज्या उतारावर त्यांच्या शर्यती होऊं लागल्या, त्यास ‘रीपॅक’ असें नांव पडलें. कारण असें कीं, खालीं पोंचेपर्यंत मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं त्यांतील ग्रीज जळून जाई, व तें पुन्हां भरावें लागे. त्या नांवांतच एक धडा सांठविलेला आहे. चढ मनुष्यास दमवितो, परंतु धोका असतो तो उतारावर. ज्याचे दोन्ही ब्रेक आदल्या दिवशीं तपासलेले नाहींत, त्यानें घरींच राहावें.

तिसरी ओळ हिशेबाची. ह्याच डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशीं पाटण येथें एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्यानें इ. स. १२०७ मध्यें तेथें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. अशा गणिताच्या भूमींत शिरतांना आपण निदान साधी त्रैराशिकें तरी मांडावीं. मध्यम प्रतीची फेरी म्हणजे जाऊन-येऊन सुमारें २४ किलोमीटर, आणि चढ एकंदर ३०० मीटरांहून अधिक नाहीं, असें आम्ही समजतों. खडकाळ वाटेवर ताशीं ८ किलोमीटर धरले तर चाकावरचे तीन तास झाले. त्यांत विश्रांतीचा एक तास मिळवा, आणि एका पंक्चरचा अर्धा तास. सकाळीं सातास निघालेली मंडळी साडेअकरास परत आली पाहिजेत. ह्यावरून माघारी फिरण्याची घटका ठरते : साडेनऊपर्यंत अर्धी वाट संपली नाहीं, तर जेथें असाल तेथून परत फिरावें. हा निर्णय निघण्यापूर्वीं घरीं बसून करावा. कारण वाटेंत, पुढचें वळण दिसत असतां, तो कोणाच्यानेंहि होत नाहीं.

किरकोळ गोष्टीहि लिहून ठेवाव्या. बाभळी-बोरींचे कांटे कोणत्याहि टायरास भीत नाहींत. म्हणून जादा ट्यूब, पंप, पाना व ठिगळाचें साहित्य बरोबर हवें. आदल्या दिवशीं पाऊस झाला असेल तर बेत पुढें ढकलावा. काळी माती चाकास चिकटली कीं सायकल खांद्यावर घेऊन चालावें लागतें. दरडोई दोन लिटर पाणी, डोक्यावर हेल्मेट, आणि प्रथमोपचाराची एक पेटी हवीच. दरीखोऱ्यांत मोबाइलवर विसंबूं नये. कोणत्या वाटेनें व किती वाजेपर्यंत, हें घरीं लिहून द्यावें.

परंतु हे सारे आंकडे कोणाच्या मापानें मांडावयाचे? येथेंच खरा प्रश्न आहे. वर्गांत एकाजवळ नवी गिअरची सायकल असते, तर दुसऱ्याजवळ वडिलांची कामावर नेण्याची साधी सायकल, तीहि एका दिवसापुरती मागून घेतलेली. पहिल्याच्या मापानें फेरी आंखली तर दुसरा एक तर येणारच नाहीं, किंवा येऊन मागें एकटा पडेल. आणि अरण्यांत एकटा पडलेला मुलगा ही सर्व तुकडीची लाज होय. उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायांत याकोबाची गोष्ट आहे. भाऊ एसाव त्यास बरोबर चल म्हणाला, तेव्हां आपलीं मुलें कोंवळीं आहेत व दुभतीं जनावरें बरोबर आहेत, म्हणून आपण त्यांच्याच चालीनें सावकाश येऊं, असें त्यानें सांगितलें. पुढारीपणाचा ह्याहून सोपा नियम आम्हांस ठाऊक नाहीं. वाट अशी निवडावी कीं साधी सायकलहि तीवरून जाईल. सर्वांत बळकट स्वारानें पुढें न धांवतां सर्वांच्या मागें राहावें, म्हणजे त्याच्यापाठीमागें कोणी उरणार नाहीं.

कोणी म्हणेल, एवढी आखणी केल्यावर मौज ती काय राहिली? तर मौज वाटेवर आहे; चिंता तेवढी कागदावर आली. आणि पालक म्हणतील, अभ्यास टाकून हें कशास? त्यांस आमची विनंति अशी कीं, अंतर, वेळ, खर्च व सोबत्यांची शक्ति ह्यांचा मेळ घालणें हाहि अभ्यासच आहे; आणि तो परीक्षेपेक्षां जन्मभर अधिक उपयोगीं पडतो. म्हणून मुलगा किंवा मुलगी परवानगी मागूं लागली तर एकदम नाहीं म्हणूं नका; कागद मागा. कागद कच्चा असेल तर तो परत करा, पक्का असेल तर जाऊं द्या. आणि सायंकाळीं तीं घरीं आलीं म्हणजे पुढें कोण होतें हें विचारूं नका. सर्वांत मागें कोण होता, आणि त्याच्या सोबतीला कोण राहिलें, एवढें विचारा.