भाग्याचा मासा नेमका किती जुना?

#थ्रेड #इतिहास

मोठ्या दुकानाच्या गल्ल्यामागे, दवाखान्याच्या प्रतीक्षालयात किंवा नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात एक लांबट, रुपेरी मासा काचेच्या टाकीत संथपणे येरझारा घालताना अनेकांनी पाहिला असेल. हनुवटीवर दोन मिशा, अंगावर नाण्यांएवढे चकाकते खवले. हा अरोवाना.

तो विकताना दुकानदार बहुधा एक कथाही सोबत देतो. चीनमध्ये हजारो वर्षांपासून हा मासा भरभराटीचे चिन्ह मानला जातो. घरावर येणारे संकट तो स्वतःच्या अंगावर घेतो. म्हणून तो मेला तर शोक न करता दुसरा आणावा. या श्रद्धेतली व्यापारी सोय वाखाणण्याजोगी आहे.

इतिहास मात्र निराळेच सांगतो. ही ‘प्राचीन परंपरा’ जेमतेम पन्नास वर्षांची आहे, आणि तिच्या जन्माला जितका ड्रॅगन कारणीभूत आहे तितकाच एक आंतरराष्ट्रीय करार.

माशाच्या मूळ गावापासून सुरुवात करावी. भाग्याची कथा ज्या आशियाई अरोवानाभोवती रचली गेली तो चीनचा मासा नाहीच. त्याचे घर आग्नेय आशियात: बोर्निओ, सुमात्रा, मलाय द्वीपकल्प, थायलंड, कंबोडिया. डच ईस्ट इंडीजच्या प्राणिसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या म्युलर आणि श्लेगेल यांनी १८४० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे नाव ‘स्क्लेरोपेजिस फॉर्मोसस’ असे आहे. त्यातल्या ‘फॉर्मोसस’चा अर्थ सुंदर. मलेशियात त्याला ‘केलिसा’ म्हणतात, तर पश्चिम कालिमंतानात ‘सिलुक’.

त्यातला सर्वांत मौल्यवान मानला जाणारा लाल प्रकार कापुआस नदीच्या वरच्या खोऱ्यातला. तेथील सेंतारुम सरोवरांचा परिसर पावसाळ्यात तुडुंब भरतो, झाडे बुडतात आणि मासे अक्षरशः जंगलात पोहतात. पाणी कुजलेल्या पानांमुळे चहासारखे गडद. अरोवाना पृष्ठभागालगत फिरतो आणि वर लोंबणाऱ्या फांदीवरचा किडा उडी मारून टिपतो. त्याचे डोळे, वरच्या दिशेला उघडणारे तोंड, सपाट पाठ ही सारी रचना वर पाहणाऱ्या शिकाऱ्याची आहे. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.

दुसरा तपशील पितृत्वाचा. मादी मोजकीच, पण मोठाली अंडी घालते. नर ती तोंडात घेतो, आणि पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत दीड-दोन महिने तोंडातच सांभाळतो. वयात यायलाही या माशाला तीन-चार वर्षे लागतात. अशा जातीची संख्या एकदा घटली की ती चटकन भरून निघत नाही.

स्थानिक माणसाच्या लेखी तो कोण होता? खाण्याचा मासा, आणि तोही फारसा नावाजलेला नव्हे.

आता चीनकडे. तेथे मासे पाळण्याची परंपरा खरोखरच जुनी आहे, पण ती गोल्डफिशची. सोंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) तळ्यांतून सोनेरी मासे पाळले जात. पुढे मिंग काळात ते चिनी मातीच्या भांड्यांत, घरात आले. हे मासे वरून पाहायचे असत. शतकानुशतके निवड करून माणसाने ते तळ्याला आणि भांड्याला साजेसे घडवले.

मासा बाजूने, काचेतून पाहण्याची सवय मात्र युरोपीय आणि बरीच अलीकडची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने मे १८५३ मध्ये आपले ‘फिश हाऊस’ लोकांसाठी खुले केले. फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ १८५४ चे. त्यानंतर व्हिक्टोरियन मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत काचपेट्यांची लाटच आली. मुंबईकरांच्या पिढ्यांनी १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात जी नजर कमावली, तीही याच वंशावळीतली. थोडक्यात, फिश टँकमधला अरोवाना म्हणजे आग्नेय आशियाचा मासा, लंडनची पेटी आणि चीनचे नाव.

हे नाव चिकटले कधी? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तैवान, हाँगकाँग, सिंगापूर हे प्रदेश झपाट्याने श्रीमंत होत होते. नव्या पैशाला नवी चिन्हे लागतात. मोठे धातूसारखे खवले, मिशा आणि नागमोडी चाल असलेला मासा ‘लुंग-यू’, म्हणजे ड्रॅगन मासा, म्हणून खपू लागला. तरीही तो अजून फक्त एक देखणा मासा होता.

मग १९७५ आले. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार १ जुलै १९७५ रोजी अमलात आला आणि आशियाई अरोवाना त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. वाघ, गेंडा यांच्या पंक्तीत हा मासा बसला; त्याच्या व्यापारी आयात-निर्यातीवर बंदी आली.

हेतू चांगलाच होता. पण बाजाराने या यादीचा अर्थ वेगळा लावला: जे मिळत नाही ते थोरांचे. बंदीमुळे दुर्मीळतेवर सरकारी शिक्का बसला. किमती चढल्या, तस्करी वाढली, आणि कालिमंतानच्या खेड्यात जो मासा काल कालवणात जात होता त्याच्या एका पिल्लासाठी रात्ररात्र नद्या धुंडाळल्या जाऊ लागल्या. अमेरिकन पत्रकार एमिली व्हॉइट यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात या माशाचा माग काढला आहे. संरक्षणानेच हव्यासाला खतपाणी घातले, हा त्यांचा मुद्दा नाकारणे अवघड आहे.

तरी सगळा दोष करारावर टाकणे अन्याय्य ठरेल. जंगलतोड, दलदली कोरड्या करणे, तेलताडाची लागवड यांनी या माशाचे घरच पोखरले; करार नसता तरी ते झालेच असते. करार चुकला तो इतकाच की त्याने माशाची सीमेवर राखण केली आणि नदीत त्याला एकटे सोडले.

पुढचे वळण शेतीचे. साइट्सच्या नियमांनुसार पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याची बंदिवासातली प्रजा, नोंदणीकृत केंद्रातली असेल तर, विकता येते. इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर येथे अरोवानाची मत्स्यशेते उभी राहिली. प्रत्येक माशाच्या अंगात मायक्रोचिप, सोबत जन्मदाखल्यासारखे प्रमाणपत्र. रंगांच्या निवडक पैदाशीतून लाल अधिक लाल झाला, सोनेरी अधिक सोनेरी. एकेका माशाची किंमत हजारो डॉलरपर्यंत गेली. सिंगापुरात त्याच्या डोळ्यांवर सौंदर्यशस्त्रक्रिया करणारे कारागीरही निर्माण झाले.

कागदावर हे यश आहे. संवर्धनाच्या चर्चांत असा युक्तिवाद वारंवार होतो की शेतीमुळे जंगली साठ्यावरचा ताण हटतो आणि जात वाचते. पण वाचले काय, हे विचारले पाहिजे. नदीतला मासा आजही धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. पेटीतला मासा संख्येने वाढला, पण तो आता ग्राहकाच्या डोळ्यांनी घडवलेला प्राणी आहे. त्याला कापुआसच्या बुडालेल्या जंगलात परत सोडणे म्हणजे संकरित कोंबडी रानात सोडण्यासारखे. एका जातीचे दोन इतिहास झाले आहेत, आणि त्यातला एकच भरभराटीचा आहे.

आता पुन्हा आपल्याकडच्या रुपेरी माशाकडे. तो बहुतेक वेळा आशियाई अरोवाना नसतोच. तो त्याचा ॲमेझॉनमधला नातलग, ‘ऑस्टिओग्लॉसम बायसिर्होसम’. हजारो डॉलरचा लाल ड्रॅगन परवडत नाही, म्हणून त्याच्या भाग्याची कथा या स्वस्त चुलतभावावर डकवली गेली. तो साइट्सच्या यादीत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्समधल्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि त्या जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. आशियाई अरोवाना त्यात मोडतो, रुपेरी मात्र त्यातूनही निसटतो.

त्याची पैदासही काही ठिकाणी होते, परंतु ॲमेझॉनच्या खोऱ्यातून पिल्ले पकडण्याची जुनी रीत अशी: तोंडात पिल्ले असलेला नर शोधायचा, त्याला मारायचे, तोंड उघडून पिल्ले काढून घ्यायची. बाजारात बोटभर लांबीचे, पोटाला पिवळी पिशवी असलेले जे पिल्लू येते, त्यामागे कधी कधी एक मेलेला बाप असतो. संकट स्वतःवर घेणाऱ्या माशाची कथा येथे वेगळ्याच अर्थाने खरी ठरते.

हे बोटभर पिल्लू वाढून सुमारे तीन फुटांचे होते. दुकानात सर्रास मिळणारी टाकी चार फूट लांब आणि दीड फूट रुंद. गणित एखादे शाळकरी मूलही करील: तीन फुटांचा ताठ अंगाचा मासा दीड फुटांच्या पेटीत वळणार कसा? तो अंग दुमडून वळतो, दिवसातून शेकडो वेळा. ‘टाकीएवढाच मासा वाढतो’ हा समज दुकानदारांत प्रिय आहे; प्रत्यक्षात खुरटलेली वाढ हे आजारपण असते. पाण्याच्या पृष्ठभागावर जगणाऱ्या या शिकाऱ्याचा एक डोळा टाकीत अनेकदा खाली लोंबतो. खाली पडलेले खाद्य सतत पाहिल्याने असे होते, असे अनेक पाळणारे मानतात. सिंगापुरातली ती शस्त्रक्रिया याच डोळ्याची.

एक प्रामाणिक नोंद येथे केली पाहिजे. या छंदात अभ्यासू, हळवी माणसे आहेत. दहा-बारा फुटांचे हौद बांधणारी, पाण्याची आम्लता रोज मोजणारी. माशांच्या वर्तनाविषयीचे कितीतरी ज्ञान हौशी पाळणाऱ्यांच्या वह्यांतून आले आहे. हा लेख त्यांच्याविरुद्ध नाही. पण अशी माणसे थोडी, आणि ‘शुभ’ म्हणून पिल्लू नेणारे फार.

आणि मग मासा मोठा झाला की? ऑस्कर, लाल शेपटीचा कॅटफिश, अरापैमा, सकर: सगळ्यांची कहाणी सारखीच. कोणाला तरी देऊन टाकणे, नाहीतर जवळचा तलाव. ॲमेझॉनचा सकर मासा आज भारतातल्या अनेक तलावांत, नद्यांत मासेमारांची जाळी फाडतो आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या चालकुडी नदीत कोळ्यांच्या हाती अरापैमा लागला. तो तेथे स्वतःहून आला नव्हता. पुराने कोणाचे तरी पाळलेले तळे फोडले होते. चालकुडी ही पश्चिम घाटातली, दुर्मीळ देशी माशांसाठी प्रसिद्ध असलेली नदी. परदेशी शुभचिन्हाची किंमत तेथे देशी मासे चुकवणार आहेत.

बंदी घालावी का? अरोवानाचा इतिहास माहीत असलेल्याने हे उत्तर घाईने देऊ नये. बंदीने त्याचे काय झाले ते वर आलेच आहे. रुपेरी अरोवानावर उद्या शिक्का बसला तर परवा तोही लाखाचा होईल. त्यापेक्षा एक साधी, स्वस्त, जरा कंटाळवाणी अट अधिक परिणामकारक ठरावी. विकायला ठेवलेल्या प्रत्येक टाकीवर तीन ओळी सक्तीने लिहाव्यात: पूर्ण वाढीची लांबी, सरासरी आयुष्य, आणि मासा नकोसा झाल्यास तो परत घेण्याची दुकानदाराची जबाबदारी. पहिली ओळ इंचांत नको. फुटांत लिहावी, आणि पिल्लू ज्या पिशवीत बांधून देतात तिच्यावरही.