आधी अथेन्स वाचा

या आठवड्यात एका वाहिनीवरच्या चर्चेत एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी पुन्हा तो हुकमी एक्का टाकला : 'कर नाही त्याला डर कशाला?' सूत्रसंचालकांनी मान डोलावली आणि जाहिराती सुरू झाल्या. या म्हणीशी माझं जुनं भांडण आहे, ते इथल्या वाचकांना पाठ झालं असेल. पण २०२१च्या आयटी नियमांतली 'पहिला प्रेषक शोधून द्या' ही व्हॉट्सअ‍ॅपसारख्यांवरची सक्ती अजूनही याच म्हणीवर खपवली जाते, त्यामुळे इलाज नाही.

साहेबांनी राईनपाड्याचा दाखला दिला आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या या गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मोबाइलवरून फिरलेल्या अफवेने माणसं मारली, हे खरंच आहे. पण त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. त्यासाठी कुणाचं एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशावरचं कुलूप, मोडावं लागलं नाही.

आता अथेन्स. २००४च्या ऑलिम्पिकच्या सुमाराची गोष्ट. व्होडाफोन ग्रीसच्या एक्स्चेंजमध्ये एरिक्सनचं सॉफ्टवेअर होतं आणि पोलिसांना रीतसर फोन टॅप करता यावेत, याची सोय त्यातच बसवून आली होती. ग्रीसमध्ये ती वापरातही नव्हती, नुसती पडून होती. कुणीतरी आत शिरलं, ती सोय जागी केली आणि नोंद कुठेच उमटू दिली नाही. शंभराच्या आसपास फोनवरचं बोलणं चौदा प्रीपेड मोबाइलवर वळू लागलं. कुणाचे होते हे फोन? पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांचा, त्यांच्या पत्नीचा, संरक्षणमंत्र्यांचा, अथेन्सच्या महापौरांचा. कित्येक महिने कुणाला पत्ता नव्हता. २००५च्या जानेवारीत काही एसएमएस पोचेनात, म्हणून तपासणी सुरू झाली आणि मार्चमध्ये घुसवलेला प्रोग्रॅम सापडला. व्होडाफोनने तो ताबडतोब काढून टाकला, म्हणजे ऐकणाऱ्याला पळायला वाटही करून दिली. करामानलिस यांनी असा काय 'कर' केला होता?

आपलं सरकार म्हणतं, आम्हाला मजकूर नको, फक्त पहिल्या प्रेषकाचं नाव हवं, तेही गंभीर गुन्ह्यात आणि रीतसर आदेश असेल तरच. नियमात तसं लिहिलंही आहे. पण कोणता संदेश उद्या अफवा ठरेल, हे पाठवताना कुणाला ठाऊक असतं? म्हणजे माग काढायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर आधीच खूण हवी. आजीच्या 'शुभ सकाळ'वरसुद्धा. आदेश एकासाठी निघणार, यंत्रणा मात्र सगळ्यांसाठी उभी राहणार. अथेन्समध्येही यंत्रणा कायदेशीरच होती. ती चोराने वापरली, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे ही यंत्रणा सांभाळणार कोण? लॉजच्या काउंटरवर आधारची झेरॉक्स दिल्याशिवाय खोली न देणारा हा देश. त्या झेरॉक्स पुढे रद्दीतून भेळवाल्याकडे जातात, असा माझा जुना संशय आहे. पुरावा मागू नका, पण पुढची भेळ कागद उलटून बघून खा.

'आमच्यावर विश्वास ठेवा' म्हणणाऱ्यांना २०१५चा मसुदाही आठवत नसेल. सप्टेंबरमध्ये आलेल्या राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाच्या त्या मसुद्यात, नागरिकांनी आपल्या संदेशांचा उघडा मजकूर ९० दिवस जपून ठेवावा, असं म्हटलं होतं. ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत मसुदा मागे घेतला गेला. ओरडण्याचा उपयोग होतो, तो असा.

आजही आपल्याकडे फोन टॅप करायला न्यायाधीशांचा आदेश लागत नाही, गृहसचिवांचा पुरतो. पहिल्या प्रेषकाचा आदेशही न्यायालयाला वळसा घालून निघू शकतो. ही तरतूद आधी बदलायला हवी. पण उद्या प्रत्येक आदेशावर न्यायाधीशांची सही आली, तरी प्रत्येक संदेशावर खूण करणारी सक्ती रद्दच झाली पाहिजे. सही चोराला अडवत नाही.