गाळाबरोबर पाण्याचेही परीक्षण हवे

जत तालुक्यातील हलक्या, मुरमाड जमिनींत तलावाचा गाळ पसरणे हितकारक मानले जाते. २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने या कामास चालना मिळाली. तथापि गाळ काळा म्हणजे तो सुपीकच, हा समज धोक्याचा आहे.

उन्हाळ्यात तलाव आटू लागला म्हणजे पाण्यातील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसते. सोडियम मात्र पाण्यात विरघळलेलेच राहते व गाळातील चिकणमातीच्या कणांना चिकटते. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक झाल्यास जमीन चोपण समजली जाते. अशा गाळाने शेताचे नुकसानच होईल.

म्हणून पाणी व गाळ यांचे नमुने एकाच ठिकाणी व एकाच वेळी, पावसाळ्यानंतर व पुन्हा उन्हाळ्यात घेतले पाहिजेत. अनेक तलावांचे आकडे शेजारी मांडल्यासच दोहोंचा परस्परसंबंध कितपत दृढ आहे हे कळेल; एकट्या नमुन्यावरून ते ठरत नाही. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी जेथे मिसळते, तेथील आकडे वेगळे मांडावेत.

गाळाचा हिशेब केवळ घनमीटरांत ठेवणे पुरेसे नाही. पसरलेला गाळ परत उचलता येत नाही. परीक्षण आधीच झाले पाहिजे.