जगेल बिचारा!

एरवी दर आठवड्याला या जागी मी बसच्या रांगेविषयी नाही तर आमच्या सोसायटीच्या सभेविषयी लिहितो. दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात, तेव्हा यंदा घरातलीच एक लांबलेली हकीकत सांगतो. हकीकत एका कासवाची आहे.

चार वर्षांपूर्वी नातवाच्या वाढदिवसाला आम्ही त्याला कासव आणून दिले. आम्ही म्हणजे मीच. शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानात काचेच्या भांड्यात दहा-बारा हिरवीगार पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढत होती. प्रत्येकाच्या डोळ्यामागे कुंकवाचे बोट ओढावे तसा लाल पट्टा. आकार रुपयाच्या नाण्याहून थोडासाच मोठा. "हे वाढतं किती?" असे मी विचारले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "भांड्याच्या मानानं वाढतं, साहेब." उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाने हे मुकाट्याने मानले. डबा लहान असला की लाडू लहान होतो, असे कुणी सांगितले असते तर मात्र मी वाद घातला असता.

नातवाने त्याचे नाव ठेवले गोट्या. पहिल्या वर्षी गोट्या श्रीखंडाच्या डब्यात राहिला, दुसऱ्या वर्षी परातीत आणि तिसऱ्या वर्षी नातवाच्याच लहानपणच्या आंघोळीच्या टबात. यंदा तो वरणाच्या वाडग्याएवढा झाला. पाणी दिवसाआड बदलावे लागे, आणि बदलायच्या दिवशी शेजारचे लोक खिडक्या लावून घेत. दसरा झाला, माळ्यावरची भांडी खाली आली, आणि सूनबाईंनी अगदी शांतपणे मला विचारले, "बाबा, आकाशकंदील यंदा टबाच्या अलीकडे लावू का पलीकडे?" ही शांतता आमच्या घरात सर्वजण ओळखून आहेत.

तोडगा सौभाग्यवतींनी काढला. "तलावात सोडून द्या. मुका जीव कोंडून ठेवण्यापेक्षा तेवढंच पुण्य. जगेल बिचारा!" नातू एक दिवस नीट जेवला नाही, मग आपण होऊन म्हणाला, "आजोबा, तिथं त्याला मित्र मिळतील ना?" मी म्हटले, "मिळतील तर!"

रविवारी सकाळी आजोबा-नातू निघालो. बादलीवर ओले फडके, फडक्याखाली गोट्या. तलावाच्या पायऱ्यांवर आमच्या फिरायच्या मंडळींतले निवृत्त प्राध्यापक भेटले. प्राणिशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी फडके उचलले, लाल पट्टा पाहिला आणि बादलीच पायरीवरून वर उचलून ठेवली.

"हा मिसिसिपीच्या खोऱ्यातला," ते म्हणाले. "अमेरिकेत यांची पैदास करणारी मोठमोठी केंद्रे आहेत. कोट्यवधींनी परदेशी गेली. गंमत अशी, की या पिल्लांपासून मुलांना जंतुसंसर्ग होतो म्हणून चार इंचांहून लहान कासवे विकायला त्यांनी आपल्या घरी १९७५ सालीच बंदी केली. परदेशी पाठवणे मात्र चालू राहिले. युरोपने १९९७ साली दार लावले. आपल्याकडे देशी कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, म्हणून दुकानदार हे विकतात."

"पण सोडलं तर बिघडलं कुठं?" मी विचारले. "एवढा मोठा तलाव आहे."

त्यांनी पलीकडच्या खडकाकडे बोट दाखवले. तिथे एक मातकट, ठिपकेवाले कासव मान वर करून ऊन खात होते. हे आपल्या तळ्यांतले. पाय आत घेतले की पोटाखालच्या झडपा मिटून घेते, आणि तळे आटले तर चिखलात स्वतःला गाडून पावसाची वाट पाहत पडून राहते. कासवाचे रक्त थंड, त्यामुळे अंगात ऊब यायला त्याला ऊन हवे आणि उन्हाला जागा हवी. पाहुणा थोराड आणि दांडगट. युरोपात त्याने तिथल्या मूळच्या कासवांना उन्हाच्या जागांवरून हुसकावल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. शिवाय त्याला काहीही चालते : बेडकांची पिल्ले, मासे, गोगलगायी, पाणवनस्पती. तीस वर्षे सहज जगतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जातींच्या यादीत याचे नाव आहे.

मला जरा राग आला. गोट्याचा नव्हे, प्राध्यापकांचा. "म्हणजे परदेशातून आलेलं सगळं वाईट, असंच ना?" मी म्हटले.

"दिवाळीत चिवडा खाता ना?" ते हसले. "त्यातला शेंगदाणा, काजू, मिरची हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. दारावरच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. कुणी तक्रार करतं? शेंगदाणा शेतकऱ्यानं पेरला नाही तर उगवत नाही. आणि ही बघा!"

त्यांनी काठीने पाण्याकडे खूण केली. काठापासून अर्ध्या तलावापर्यंत जलपर्णीचे हिरवे रान माजले होते. ही ॲमेझॉनची रहिवासी. तिच्या जांभळ्या फुलांवर लुब्ध होऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुणी हौशी माणसांनी ती बंगालमध्ये आणली. तिने तिथले पाणी असे व्यापले, की होड्या चालेनात. १९३६ साली सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. तिला पेरावे लागत नाही. खालच्या पाण्यात ना ऊन पोचत ना पुरेसा प्राणवायू. २०२३ साली आलेल्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात म्हटले आहे, की माणसाने इकडून तिकडे नेऊन रुजवलेल्या जाती ३७,००० च्या वर आहेत, त्यांतल्या ३,५०० हून अधिक घातक ठरल्या. म्हणजे दहांतला साधारण एक. पण तो एक आधी ओळखू येत नाही, आणि ओळखू येतो तेव्हा तो अर्धा तलाव व्यापून बसलेला असतो.

मी गप्प झालो. कारण मला निराळेच काही आठवले. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या घरामागे सिमेंटची एक टाकी होती आणि तीत मी हौसेने हीच जांभळी फुले वाढवली होती. पाहुण्यांना दाखवीत असे. टाकी फुटली तेव्हा उरलेली रोपे फेकवेनात, म्हणून घमेल्यात भरून मागच्या ओढ्यात नेऊन सोडली. ओढा नदीला मिळतो. तेव्हा माझ्या तोंडून निघालेले शब्दही हेच होते : जगतील बिचारी! हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. पायरीवरही सांगितले नाही.

"मग गोट्या वाईट आहे का?" नातवाने विचारले. आवाज रडवेला झाला होता.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "नाही रे. तो कुठं आपणहून आला? त्याला आणला कुणी?"

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी तलावाकडे पाहिले.

बादली घेऊन परत आलो. दोन-तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी उत्तर मिळाले, "आमच्याकडे असली आधीच पंचवीस आहेत हो." २०२२ च्या दुरुस्तीने अशा परक्या जातींच्या आयात-विक्रीवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे, पण गोट्या तर आत येऊन बसलेला. सौभाग्यवतींचे पुण्य हुकले, त्यांनी चहा जरा आपटून ठेवला. मी तलावावरची सारी हकीकत सांगितली, आणि मग ओढ्याचीही सांगितली. सूनबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी गॅलरीतली कुंड्यांची मांडणी मोडून त्यांनी स्वतः जागा केली. सुताराकडून मोठी टाकी आणि उन्हासाठी फळी असे करून घेतले. पैसे अर्थात माझे. पाणी बदलण्याचे वार आता भिंतीवर लिहिले आहेत : नातवाचे दोन, माझे दोन. फटाक्यांच्या दिवसांत टाकी आतल्या खोलीत न्यायची, असे नातवाने परस्पर ठरवून टाकले आहे.

काल रात्री मी जुन्या सवयीने हिशेब मांडला. गोट्याची तीस वर्षे धरली तर अजून सव्वीस बाकी. मी त्या वेळी नसेन. नातू पस्तिशीचा असेल.

"म्हणजे लग्न ठरवताना मुलीकडच्यांना हेही सांगावं लागणार," सूनबाई चकल्या तळता तळता म्हणाल्या.