खरवडलेले डांबर जाते कोठे?

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यात खड्डे बुजविण्याची एकच लगबग उडते, आणि पावसाची एक जोरदार सर आली की बुजविलेली खडी पुन्हा रस्त्याच्या कडेला येऊन पडते. हा वार्षिक सोहळा आता आमच्या अंगवळणी पडला आहे. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते मात्र पावसाळ्यानंतर चढविल्या जाणाऱ्या डांबराच्या थरांविषयी.

थरावर थर पडून रस्ता उंच होत जातो आणि शेजारच्या घराचा उंबरठा खाली राहतो. मग रस्त्याचे पाणी ओसरीत शिरते. शिवाय प्रत्येक थरासाठी डोंगर फोडून नवी खडी काढावयाची आणि बहुतांशी आयात केलेल्या खनिज तेलापासूनचे डांबर तापवावयाचे! वस्तुतः जुना थर टाकाऊ नव्हे. त्यातील खडी बहुधा शाबूत असते. ऊन आणि हवा यांनी कडक होते ते डांबर. यंत्राने हा थर खरवडून त्यात नवे डांबर वा मऊपणा आणणारे द्रव्य प्रमाणात मिसळले, तर तोच माल पुन्हा अंथरता येतो. पाण्यात मिसळलेले डांबर, म्हणजे इमल्शन, किंवा फेसाळ डांबर वापरल्यास तो तापवावाही लागत नाही. इंधन वाचते, धूर टळतो. इंडियन रोड्स काँग्रेसने यासंबंधीची मार्गदर्शक पद्धती २०१५ सालीच प्रसिद्ध केली आहे.

मदुराईचे प्रा. वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा लेप देण्याची युक्ती शोधली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती स्वागतार्हच, परंतु प्लॅस्टिक घातल्याने तुंबलेले गटार वाहू लागत नाही, हे आमच्या पुढाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. न तापविता घातलेला थर सुकण्यास अवधी लागतो आणि त्यावर पाणी न झिरपणारे आवरण हवे. तेव्हा हे काम पाऊस सरताच हाती घ्यावे लागेल. मे महिन्यातील धावपळ येथे उपयोगाची नाही. ठिगळे लावलेल्या रस्त्याचा माल हातागणिक बदलतो, म्हणून आधी नमुने तपासणे अपरिहार्य आहे.

सार्वजनिक बांधकाम खात्याने निदान काही किलोमीटरवर हा प्रयोग करून पाहावा. आणि खरवडलेला माल जनतेच्या पैशाचा असल्याने तो किती निघाला, कोणाच्या ट्रकांतून कोठे गेला, याची नोंद ठेवण्याची अट प्रत्येक निविदेत घालावी, अशी आमची मागणी आहे.